नेत्रिका, दूरदर्शकाची

नेत्रिका, दूरदर्शकाची : दूरदर्शकाच्या वस्तुभिंगाने किंवा मुख्य आरशाने तयार केलेली खस्थ ज्योतीची प्रतिमा मोठी करून पाहण्यासाठी डोळ्यालगत बसविलेल्या भिंगास किंवा भिंगांच्या संचास नेत्रिका म्हणतात. दूरदर्शकात वस्तुभिंग किंवा आरसा प्रकाश गोळा करून केंद्रप्रतलात एक लहान प्रतिमा तयार करतो आणि नेत्रिका विशालक भिंगाप्रमाणे ती प्रतिमा डोळ्यापुढे मांडते. प्रतिमेत किती सूक्ष्म तपशील असू शकेल, हे वस्तुभिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असते. परंतु त्यातील किती तपशील निरीक्षकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचेल, हे नेत्रिकेवर अवलंबून असते. दूरदर्शकाचा व्यास व केंद्रांतर एकदा ठरले की ते बदलता येत नाही. नेत्रिका मात्र रात्रीतून अनेकदा बदलता येते. त्यामुळे हौशी निरीक्षकाच्या दृष्टीने नेत्रिकांची निवड ही दूरदर्शकाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

नेत्रिका बदलल्याने काय साधते, याचे प्रसिद्ध उदाहरण युरेनसच्या शोधाचे आहे. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल हे इंग्लंडमधील बाथ येथे सु. १६ सेंमी. व्यासाच्या व सु. २१३ सेंमी. केंद्रांतराच्या परावर्ती दूरदर्शकातून २२७ पट विवर्धनाने ताऱ्यांचे निरीक्षण करीत होते. त्या वेळी इतरांपेक्षा मोठी दिसणारी एक ज्योती त्यांना आढळली. त्यांनी लगेच नेत्रिका बदलून ४६० व नंतर ९३२ पट विवर्धनाने ती पाहिली. विवर्धन वाढविले तरी ताऱ्याचे बिंब त्या प्रमाणात मोठे होत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. या ज्योतीचे बिंब मात्र विवर्धनाच्या प्रमाणात मोठे होत गेले. प्रथम धूमकेतू वाटलेली ही ज्योती पुढे ग्रह असल्याचे सिद्ध झाले. येथे मोठ्या विवर्धनाचा उपयोग एका निश्चित प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी केलेला होता. केवळ मोठे चित्र पाहण्यासाठी नव्हे.

मूलभूत संबंध : दूरदर्शकाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले असता विवर्धन मिळते. १,२०० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकास १२ मिमी. केंद्रांतराची नेत्रिका लावल्यास विवर्धन १०० पट होते. म्हणजे नेत्रिकेचे केंद्रांतर जितके कमी, तितके विवर्धन जास्त.

नेत्रिकेतून पाहताना जे वर्तुळाकार क्षेत्र दिसते त्याच्या कोनीय व्यासास भासमान दृष्टिक्षेत्र म्हणतात. त्यास विवर्धनाने भागले असता आकाशाचा प्रत्यक्षात दिसणारा भाग, म्हणजे प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र, सुमाराने मिळते. भासमान क्षेत्र ५०° असलेल्या नेत्रिकेने १०० पट विवर्धन मिळत असेल, तर आकाशाचा अर्धा अंश भाग दिसतो. चंद्रबिंबाचा कोनीय व्यासही सु. अर्धा अंशच असल्याने संपूर्ण चंद्र त्यात जेमतेम मावतो.

नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेच्या व्यासास निर्गम-द्वारक म्हणतात. दूरदर्शकाच्या व्यासास विवर्धनाने भागले असता तो मिळतो. किंवा नेत्रिकेच्या केंद्रांतरास दूरदर्शकाच्या केंद्रांतर-गुणोत्तराने (केंद्रांतर भागिले व्यास) भागूनही तो काढता येतो. दिवसा दूरदर्शक आकाशाच्या उजळ भागाकडे (सूर्यापासून दूर) रोखून डोळा नेत्रिकेपासून हातभर अंतरावर ठेवला, तर नेत्रिकेवर एक लहान तेजस्वी वर्तुळ दिसते. तेच निर्गम-द्वारक होय. नेत्रिकेच्या निवडीत विवर्धनाच्या आकड्यापेक्षा ही राशी अधिक उपयोगी पडते, हे पुढे स्पष्ट होईल.

इतिहास व प्रकार : गॅलिलीओ यांनी १६०९–१० मध्ये वापरलेल्या दूरदर्शकांत नेत्रिका म्हणून एकच अंतर्गोल भिंग होते. तिच्यामुळे प्रतिमा सुलट दिसे. परंतु दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की, सु. २० पट विवर्धनाला चंद्राचे अर्धे बिंबही एका वेळी दिसत नसे. केप्लर यांनी १६११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहिर्गोल नेत्रिकेची कल्पना मांडली. तिच्यामुळे प्रतिमा उलटी दिसते. पण दृष्टिक्षेत्र वाढते आणि केंद्रप्रतलात खरी प्रतिमा पडत असल्याने तेथे बारीक तंतू ताणून मोजमाप करता येते. खगोलीय मापनाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची ठरली.

एकाच भिंगाच्या नेत्रिकेत वर्णविपथन (निरनिराळ्या रंगांचे प्रकाशकिरण निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येण्याचा दोष) व गोलीय विपथन हे दोष मोठ्या प्रमाणात असतात. ते कमी करण्यासाठी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी दोन साध्या भिंगांची नेत्रिका तयार केली. तीतील वस्तुभिंगाच्या बाजूच्या भिंगास क्षेत्रभिंग व डोळ्याकडील भिंगास नेत्रभिंग म्हणतात. दोन्ही भिंगे एकाच प्रकारच्या काचेची असून त्यांच्यातील अंतर त्यांच्या केंद्रांतरांच्या बेरजेच्या निम्मे ठेवले, तर रंगांचा दोष बराच नाहीसा होतो. केंद्रांतर-गुणोत्तर १५ च्या आसपास असलेल्या लांब नळीच्या दूरदर्शकात ही नेत्रिका समाधानकारक काम देते. आखूड नळीच्या दूरदर्शकात तिचे दोष उघड होतात. जेसी रॅम्सडेन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन समतल-बहिर्गोल भिंगांच्या वक्र बाजू एकमेकींसमोर ठेवून दुसऱ्या प्रकारची नेत्रिका केली. तिचे केंद्रप्रतल भिंगांच्या बाहेर येत असल्याने ती मापनाच्या उपकरणांसाठी सोयीची ठरली.

कार्ल केल्नर यांनी १८४९ मध्ये रॅम्सडेन यांच्या रचनेतील नेत्रभिंगाच्या जागी दोन प्रकारच्या काचांचे जोडभिंग बसविले. केल्नर नेत्रिकेचे भासमान क्षेत्र सु. ४०°–४५° असते. व्हिएन्ना येथील गेओर्ख झिमॉन प्लसल यांनी १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर ठेवून जी रचना केली तिला त्यांचेच नाव आहे. तिचे भासमान क्षेत्र सु. ५०° असते. एर्न्स्ट आबे यांनी १८८० मध्ये तीन भिंगांचा चिकटविलेला संच व एक साधे भिंग यांची नेत्रिका तयार केली. तीत प्रतिमेची विकृती अत्यल्प असल्याने तिला ऋजुदर्शी नेत्रिका म्हणता येईल. तिचे क्षेत्र सु. ४०°–४५° एवढेच असले, तरी ग्रहनिरीक्षकांची ती दीर्घकाळ आवडती राहिली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाइन्रिख एर्फ्ले यांनी सु. ६०° क्षेत्राची नेत्रिका तयार केली.

यानंतरच्या प्रगतीचे एक कारण भिंगांवरील लेपात आहे. काच व हवा यांच्या प्रत्येक सीमापृष्ठावर सु. ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. लेप नसलेल्या नेत्रिकेत अशी चार पृष्ठे असली, तर सु. १५ टक्के प्रकाश वाया जातो. शिवाय परावर्तित प्रकाश आतल्या आत फिरून तेजस्वी ग्रहाभोवती पुसट छाया-प्रतिमा निर्माण करतो. त्यामुळे जुन्या काळी हवेला लागून असलेली पृष्ठे कमीत कमी ठेवण्याकडे कल होता. १९३५ मध्ये जर्मनीतील त्साइस कारखान्यात आलेक्सांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा पातळ लेप देण्याची पद्धत शोधून काढली. बहुस्तरी लेपामुळे ही हानी प्रत्येक पृष्ठास अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणता येते. त्यामुळे सहा, सात किंवा त्याहून अधिक भिंगांच्या रचना व्यवहार्य झाल्या. अमेरिकेतील ॲल्बर्ट नॅग्लर यांनी १९८० च्या सुमारास ८२° भासमान क्षेत्राची नेत्रिका बाजारात आणली व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात १००° क्षेत्राच्या नेत्रिकाही उपलब्ध झाल्या. अशा नेत्रिकेतून पाहताना क्षेत्राची कड नजरेच्या टप्प्यात येत नाही. मात्र त्या जड व महाग असतात.

विवर्धनाची मर्यादा : लहान दूरदर्शकांच्या जाहिरातींत विवर्धनाचा आकडा ठळक छापण्याची प्रथा जुनी आहे व नवशिक्या निरीक्षकाची निराशा बहुधा तेथेच सुरू होते. ६० मिमी. व्यासाच्या व ९०० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकाबरोबर ६ मिमी.ची नेत्रिका व विवर्धन तिप्पट करणारे भिंग दिले असेल, तर विवर्धन ४५० पट होते हे गणित खरे आहे. परंतु प्रकाशाच्या तरंगरूपामुळे ताऱ्याची प्रतिमा बिंदुरूप न राहता लहान चकतीसारखी होते व तिचा आकार दूरदर्शकाच्या व्यासावरून ठरतो. एका मर्यादेपलीकडे विवर्धन वाढविल्यास नवा तपशील न दिसता ही चकतीच मोठी दिसू लागते. ही मर्यादा साधारणपणे व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन पट, म्हणजे ६० मिमी. व्यासाला १२० पट एवढी धरतात. शिवाय विस्तृत ज्योतीच्या प्रतिमेचे तेज विवर्धनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. विवर्धन दुप्पट केले की, पृष्ठतेज एक चतुर्थांश होते. दूरदर्शक मोठा असला, तरी वातावरणातील हालचालींमुळे बहुतेक रात्री २०० ते ३०० पटींहून अधिक विवर्धनाचा उपयोग होत नाही.

विवर्धनाला खालच्या बाजूनेही मर्यादा आहे. अंधारात तरुण व्यक्तीच्या डोळ्याची बाहुली सु. ७ मिमी.पर्यंत विस्फारते, वय वाढेल तशी ती कमी विस्फारते व उतारवयात अनेकांच्या बाबतीत ती ५ मिमी. किंवा त्याहून लहान राहते. निर्गम-द्वारक बाहुलीपेक्षा मोठे असल्यास कडेचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. २० सेंमी. व्यासाच्या व केंद्रांतर-गुणोत्तर ५ असलेल्या दूरदर्शकास ४० मिमी.ची नेत्रिका लावल्यास निर्गम-द्वारक ८ मिमी. होते. बाहुली ५ मिमी. असलेल्या निरीक्षकाला अशा वेळी १२·५ सेंमी. व्यासाच्या दूरदर्शकाइतकाच प्रकाश मिळतो.

निवडीची तत्त्वे : वरील दोन मर्यादांच्या दरम्यान निर्गम-द्वारकावरून निवड करणे सोपे जाते. आकाशगंगेचे पट्टे, विस्तृत तारकागुच्छ व मोठे तेजोमेघ यांसाठी ४ ते ६ मिमी., दीर्घिका व लहान तारकागुच्छ यांसाठी २ ते ३ मिमी., ग्रह व गोलाकार गुच्छ यांसाठी सु. १ मिमी. आणि निकटचे जोडतारे व चंद्रावरील सूक्ष्म तपशील यांसाठी ०·५ ते ०·७ मिमी. निर्गम-द्वारक साधारणपणे उपयुक्त ठरते. शहरातील उजळ आकाशात मंद ज्योतीसाठीही २ मिमी.च्या आसपास राहणे हितावह असते. कारण विवर्धन वाढविल्याने आकाशाची पार्श्वभूमी काळवंडते आणि मंद ज्योती मोठी दिसल्याने डोळ्याला ओळखता येते. निर्गम-द्वारक १ मिमी.पेक्षा लहान झाले की, निरीक्षकाच्या डोळ्यातील काचाभ द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या छाया दिसू लागतात; तो नेत्रिकेचा दोष नव्हे.

दुसरी विचारात घेण्याची गोष्ट म्हणजे दूरदर्शकाचे केंद्रांतर-गुणोत्तर. ते ८ किंवा अधिक असेल, तर केल्नर किंवा प्लसल प्रकारची साधी नेत्रिकाही उत्तम काम देते. ते ४ किंवा ५ असेल, तर किरण अधिक तिरपे येतात व साध्या विस्तृत क्षेत्राच्या नेत्रिकेत कडेचे तारे पसरट दिसतात. अशा दूरदर्शकासाठी अधिक काळजीपूर्वक रचलेली व पर्यायाने महाग नेत्रिका घ्यावी लागते. मात्र परावर्ती दूरदर्शकात कडेच्या ताऱ्यांना दिसणारी शेपटी पुष्कळदा अन्वस्तीय आरशाच्या कोमा या दोषामुळे येते. तिचा दोष नेत्रिकेला देऊन नवी नेत्रिका घेणे व्यर्थ असते.

तिसरी गोष्ट नेत्र-अंतराची. संपूर्ण क्षेत्र दिसण्यासाठी डोळा शेवटच्या भिंगापासून जितक्या अंतरावर ठेवावा लागतो, त्यास नेत्र-अंतर म्हणतात. प्लसल नेत्रिकेत ते केंद्रांतराच्या सु. तीन-चतुर्थांश असते. त्यामुळे ६ मिमी.च्या नेत्रिकेत पापण्या भिंगाला टेकतात. चष्मा लावून पाहायचे असल्यास १५ ते २० मिमी. नेत्र-अंतर हवे. दूरची किंवा जवळची दृष्टी अधू असल्यास चष्मा काढून केवळ केंद्रीकरण बदलले तरी चालते. अबिंदुकता हा दोष असणाऱ्याला मात्र मोठ्या निर्गम-द्वारकाच्या वेळी चष्मा आवश्यक असतो. निर्गम-द्वारक लहान असताना स्वच्छमंडलाचा लहानसा भागच वापरला जात असल्याने हा दोष फारसा जाणवत नाही.

चौथी गोष्ट दूरदर्शकाच्या बैठकीची आहे. खगोलीय विषुववृत्ताजवळची ज्योती मिनिटाला पाव अंश सरकते. यांत्रिक गती नसलेल्या बैठकीवर पाव अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून ग्रह एका मिनिटात निघून जातो व प्रत्येक वेळी दूरदर्शक ढकलल्यानंतर नळीचा कंप थांबेपर्यंत काही सेकंद वाया जातात. तेच विवर्धन देणारी ८२° क्षेत्राची नेत्रिका ५०° क्षेत्राच्या नेत्रिकेपेक्षा सु. दीडपटीहून अधिक वेळ देते. अनेकांना एकामागून एक ग्रह दाखवायचा असतो तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. उलट, गती असलेल्या बैठकीवर ग्रह क्षेत्राच्या मध्यभागीच राहत असल्याने अरुंद क्षेत्राच्या ऋजुदर्शी नेत्रिकेने काहीच गैरसोय होत नाही.

एक उदाहरण : १५ सेंमी. व्यास व १,२०० मिमी. केंद्रांतर असलेला न्यूटन पद्धतीचा परावर्ती दूरदर्शक हौशी निरीक्षकांत प्रचलित आहे. त्यासाठी ३२ मिमी.ची प्लसल नेत्रिका ३७·५ पट विवर्धन, सु. ४ मिमी. निर्गम-द्वारक व १° २०′ दृष्टिक्षेत्र देते. ज्योती शोधण्यासाठी व विस्तृत गुच्छांसाठी ती पुरेशी आहे. १२ मिमी.ची नेत्रिका १०० पट विवर्धन व सु. १·५ मिमी. निर्गम-द्वारक देते; चंद्र, गोलाकार गुच्छ व गुरूचे पट्टे तीतून चांगले दिसतात. ६ मिमी.ची नेत्रिका २०० पट विवर्धन देते. हवा स्थिर असेल त्या रात्री शनीच्या कड्यांतील कॅसिनी विभाजन व निकटचे जोडतारे यांसाठी तिचा उपयोग होतो. या तिन्हींची कामे वेगवेगळी असल्याने एकीची उणीव दुसरी भरून काढू शकत नाही. पण चौथीची गरज बहुधा दीर्घकाळ भासत नाही. हलक्या प्रतीच्या डझनभर नेत्रिकांच्या संचापेक्षा अशा दोन-तीन चांगल्या नेत्रिका अधिक उपयोगी पडतात. दूरदर्शक बदलला तरी त्या नव्या दूरदर्शकाला लावता येतात. कारण नेत्रिकेच्या नळीचे बाह्य व्यास ३१·७ मिमी. व ५०·८ मिमी. असे प्रमाणित झालेले आहेत. जुन्या लहान दूरदर्शकांत २४·५ मिमी. व्यासाची नळी आढळते.

ब्रिटिश गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे अपसारी भिंग नेत्रिकेपूर्वी बसविल्यास दूरदर्शकाचे परिणामी केंद्रांतर वाढते व विवर्धन दुप्पट किंवा तिप्पट होते. नेत्रिकेचे नेत्र-अंतर साधारण तेवढेच राहत असल्याने १२ मिमी.ची नेत्रिका व दुप्पट बार्लो भिंग यांची जोडी ही ६ मिमी.च्या साध्या नेत्रिकेपेक्षा डोळ्याला सुखकर वाटते. केंद्रांतर बदलता येणारी नेत्रिकाही मिळते; परंतु ज्या वेळी विस्तृत क्षेत्र हवे असते त्या कमी विवर्धनालाच तिचे भासमान क्षेत्र बहुधा अरुंद असते.

सूर्यनिरीक्षणातील धोका : काही लहान दूरदर्शकांबरोबर नेत्रिकेवर बसविण्याची गडद काच सूर्यासाठी म्हणून दिली जात असे. ती कधीही वापरू नये. एकवटलेल्या उष्णतेने अशी काच अचानक तडकते व क्षणार्धात जालपटलाला कायमची इजा होऊ शकते. सूर्य पाहण्यासाठी योग्य गाळणी दूरदर्शकाच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वीच बसवावी लागते. सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडायची असल्यास हायगेन्झ प्रकारची, न चिकटविलेल्या भिंगांची नेत्रिका वापरतात. कारण उष्णतेने जोडभिंगांतील चिकटद्रव्य खराब होण्याचा संभव असतो. जुनी व आता इतरत्र निरुपयोगी मानली गेलेली ही नेत्रिका या कामात मात्र उजवी ठरते.

निगा : भिंगावरील थोड्या धुळीने प्रतिमा बिघडत नाही; धूळ घासून काढल्याने मात्र लेपावर ओरखडे पडतात. धूळ प्रथम फुग्याच्या हवेने उडवावी व बोटांचे किंवा पापणीचे डाग असतील तरच स्वच्छ कापसाने अलगद टिपावेत. कोकणासारख्या दमट प्रदेशात व एरवीही पावसाळ्यात भिंगांवर बुरशी वाढते व ती लेप कायमचा खराब करते. यासाठी नेत्रिका पूर्ण कोरड्या झाल्यावरच ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवाव्यात आणि अधूनमधून तपासाव्यात.

अनुभवी निरीक्षकांच्या आवडत्या नेत्रिका एकसारख्या नसतात, याचे कारण वरील विवेचनावरून लक्षात येईल. ग्रहांचे निरीक्षण करणाऱ्याला कमी पृष्ठांची, छाया-प्रतिमा नसलेली नेत्रिका हवी असते. मंद दीर्घिका शोधणाऱ्याला विस्तृत क्षेत्र हवे असते. रूपविकारी ताऱ्याची प्रत ठरविणाऱ्याला तो तारा व तुलनेचे तारे एकाच क्षेत्रात यावे लागतात. दुसऱ्याची आवडती नेत्रिका त्याच्या दूरदर्शकाला, डोळ्याला व आकाशाला अनुरूप असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी ती स्वतःच्या दूरदर्शकावर लावून, शक्य तर एकाच रात्री व एकाच ज्योतीवर इतर नेत्रिकांशी ताडून पाहणे श्रेयस्कर असते. हौशी निरीक्षकांच्या संस्थांमुळे अशी संधी मिळू शकते. महाराष्ट्रात पुणे येथील ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) ही अशा संस्थांपैकी सर्वांत जुनी आहे. निरीक्षणाचे टिपण ठेवताना वेळ व स्थळ यांबरोबर वापरलेल्या नेत्रिकेचे केंद्रांतर व विवर्धन यांचीही नोंद करावी. वर्षभराच्या नोंदी चाळल्यावर कोणती नेत्रिका खरोखर उपयोगी पडली, हे निरीक्षकाला आपोआप कळून येते.